तांबडे ब्रदर

झाडीपट्टीची, म्हणजे गोंदिया-भंडाऱ्याकडची मराठी आमचे तांबडे ब्रदर जितक्या मनापासून बोलले, तितकी तिथल्या मातीत जन्मलेल्यांनीही कधी बोलली नसेल, असं मी आजही पैजेवर सांगेन. आणि हे ब्रदर जन्मले होते युरोपात, आल्सास नावाच्या मुलखातल्या कुठल्याशा खेड्यात. गोंदियाला मिशनची मुलांची एक शाळा होती. पुढं तिला कॉलेजही जोडलं गेलं. ती चालवणाऱ्या संघात फादर असत आणि ब्रदर असत. फादर उपासना चालवीत, इंग्रजी आणि लॅटिन शिकवीत, आणि त्यांचे पांढरे झगे परीटघडीचे असत. ब्रदरांनी उरलेलं सगळं करायचं. आमच्या ब्रदरांच्या वाट्याला या उरलेल्यातलं गणित, बाग, विहीर, घंटा, वसतिगृहाचं स्वयंपाकघर आणि तापानं फणफणलेली मुलं एवढं आलं होतं. दाढी तांबडी, भुवया तांबड्या, आणि गोंदियाच्या उन्हानं कान तर असे झालेले की लांबून जास्वंदीची फुलं खोवल्यासारखी दिसत. त्यामुळं गाव त्यांना तांबडे ब्रदर म्हणे. त्यांचं खरं नाव लांबलचक होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही क्वचितच लागे. मुलाला शाळेत घालायला आलेल्या एका पाटलांनी तर त्यांना शांतपणे विचारलं होतं, "तांबडे म्हंजे कोनते? भंडाऱ्याचे का पवनीचे?" ब्रदरांनीही तितक्याच शांतपणे सांगितलं, "नाई जी, आमी दूरचे."

मी मूळचा नगरचा. बी. ए. होऊन त्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायला आलो, तेव्हा रेक्टर फादरांनी माझ्यावर पहिलीच कामगिरी सोपवली ती ब्रदरांचं मराठी सुधारण्याची. मी उत्साहानं सुरुवात केली. "म्हणा, शाळा." ते म्हणाले, "सारा." मी म्हटलं, "शा-ळा." ते म्हणाले, "सा-रा." डोळा म्हणायला सांगितलं तर ते 'डोरा' म्हणत. बिचाऱ्यांच्या युरोपीय जिभेला आमचा ळ झेपत नाही, अशी मी समजूत करून घेतली आणि जीभ टाळूला कशी लावायची ते आरशासमोर उभं राहून त्यांना दाखवत राहिलो. तेवढ्यात आमगावचा एक शेतकरी मुलाचा हात धरून दारात आला आणि मला म्हणाला, "मास्तर, या पोट्ट्याले सारेत घालाचं आहे." ब्रदर आरशातून माझ्याकडं पाहत होते. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण कान जरा जास्त तांबडे झाले होते. मग म्हणाले, "तुमची मराठी चांगली आहे, मास्तर. पन त्या मराठीत बजारात कोनी वांगे देत नाई." ती शिकवणी तिथंच संपली.

मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. गावं मात्र एकदा ऐकली की पक्की. म्हणून ते मुलांना गावाच्याच नावानं हाका मारत. "तिरोडा, समोर ये." "काऊन बे देवरी, कायले झोपून राहिला?" देवरीहून दोन भाऊ आले तेव्हा एक मोठी देवरी झाली आणि एक लहान देवरी. एकदा नागपूरहून इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला नाव विचारलं, तर तो ताठ उभा राहून म्हणाला, "गोरेगाव, सर." साहेबांना वाटलं प्रश्न कळला नाही. त्यांनी शेजारच्याला विचारलं. तो म्हणाला, "सालेकसा, सर." रेक्टर फादरांनी त्या दिवशी घाम पुसून पुसून रुमाल भिजवला.

ब्रदरांचं खरं वेड होतं ते बोडीचं. बोडी म्हणजे लहानसं तळं. त्या भागात गावोगाव अशा बोड्या, आणि त्यांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. शाळेमागं उताराची पडीक जमीन होती. तिथं आपली एक बोडी असावी असं ब्रदरांनी मनात घेतलं आणि मग वरच्या वर्गांचं सगळं गणित त्या खड्ड्यात शिरलं. क्षेत्रफळ, घनफळ, काळ-काम-वेग, सगळं फावडं हातात घेऊन. झगा कमरेला खोचून ते स्वतः माती उचलत आणि टोपलं डोक्यावर असतानाच उत्तरं तपासत. पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, दगड कुठं बसवायचे, सांडवा किती रुंद ठेवायचा, हे विचारायला ते पंचक्रोशीतल्या म्हाताऱ्यांकडे जात आणि जाताना मुलांना बरोबर नेत. पहिल्या पावसाळ्यात बोडी भरली तेव्हा झग्यासकट पाण्यात उतरले आणि गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून मला बोलवू लागले. मला पोहता येत नाही असं मी सांगितल्यावर म्हणाले, "मालेही नाई येत. या."

नाताळात ते मुलांकडून येशूजन्माचा खेळ बसवून घेत. एका वर्षी त्यात जोसेफ सुताराचं काम तिरोड्याकडच्या एका पोवार मालगुजारांच्या मुलाकडं आलं. हे मालगुजार म्हणजे गावचे जमीनदार, भारदस्त गृहस्थ, पूर्वज माळव्यातून आलेले, घराण्याचा अभिमान मोठा. ते आपल्या दमणीत, बैलांच्या हलक्या गाडीत, बसून थेट शाळेत आले. "आमचा पोरगा सुतार काऊन? त्याले राजा करा." ब्रदरांनी त्यांना समजावलं की राजे तीनच आहेत आणि तिन्ही ठरले आहेत. मालगुजार म्हणाले, "त्या देशात तीन असतील. आमच्या इकडे चार झाले तं कोनाचं काय बिघडते?" ब्रदरांनी विचार केला आणि त्यांना ते पटलं. त्या वर्षी बाळ येशूला भेटायला चार राजे आले. चौथ्यानं गोणीभर धान आणलं, आणि खेळ संपल्यावर वसतिगृहात त्याचाच भात शिजला.

आमच्या घरी ते येऊ लागले ते माझ्या पत्नीच्या आजारपणात दूध घेऊन. ती नगरची, एकुलत्या एका भावाला सोडून इतक्या लांब आलेली, आणि गोंदियात तिचं मन लागत नव्हतं. गोरा परका पुरुष म्हणून ती दाराआडूनच बोले. ब्रदर ओट्यावर बसून दाराला उद्देशून उत्तर देत. पण त्यांची मराठी तिला कळेना, तिची त्यांना कळेना, आणि मी मधे बसून मराठीचं मराठीत भाषांतर करी. एकदा तिनं विचारलं, "ब्रदर म्हणजे काय हो?" मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, "मग मी भाऊच म्हणेन."

ती नुसतं म्हणून थांबली नाही. त्या दिवाळीत भाऊबीजेला तिनं त्यांना बोलावलं, पाट मांडला, आणि ते सहा फुटांचे गृहस्थ झगा सावरत, दाढी छातीवर टेकवून, अवघडून त्या पाटावर बसले. तिनं ओवाळलं. तबकात काहीतरी घालायचं असतं एवढं त्यांना कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. त्यांनी झग्याच्या खिशातून बागेतला एक कोबी काढला आणि निरांजनाशेजारी ठेवला. ती इतकी हसली की पदराला डोळे पुसावे लागले. गोंदियात आल्यापासून मी तिला तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग ती दाराबाहेर येऊन बोलू लागली आणि हळूहळू त्यांचीच बोली उचलू लागली. सुट्टीत नगरला गेलो तेव्हा माझी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, ही 'कायले कायले' काय करते? तिकडं कुणा गवळणींच्यात बसते का?" मी काय सांगणार? युरोपातल्या एका ब्रदरकडून शिकली, हे आईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

मग युरोपात लढाई पेटली. सुरुवातीला आमच्याकडं तिची नुसती बातमी होती. पुढं एके दिवशी दुपारी ठाणेदार शाळेत आले. ते उत्तरेकडचे, भला माणूस; त्यांचा मुलगा ब्रदरांच्याच वर्गात होता. आल्सास त्या वेळी जर्मनीच्या अंमलाखाली होता, म्हणून ब्रदर इंग्रज सरकारच्या लेखी शत्रुपक्षाचे ठरले होते. ठाणेदारांनी खुर्चीवर बसायचं टाळलं. "ब्रदर साहब, माफ कीजिए. आपका मुल्क कौन-सा लिखूँ?"

ब्रदर म्हणाले, "माह्या गावाचं नाव लिहा."

"गाँव नहीं चलता, साहब. मुल्क चाहिए."

"माहा बाप जनमला तवा तिथं फ्रान्स होता. मी जनमलो तवा जर्मनी. मुलूक बदलून राहते, गाव तं तेच आहे. गावच लिहा."

ठाणेदारांनी काय लिहिलं ते मला कळलं नाही. त्यांनी सामान बांधायला सवड दिली. ब्रदर ती सवड घेऊन बोडीवर गेले आणि सांडव्याचे सुटे दगड बसवत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवलं तेव्हा रेक्टर फादरांची मनाई मोडून सगळी शाळा स्टेशनवर आली होती. ब्रदर त्यांच्यावर रागावले. "कायले आले बे सारे? गनित कोन करन?" पोरं रडू लागली, तसे ते खिडकीतून तोंड आत घेऊन बसले आणि गाडी हलेपर्यंत पुन्हा बाहेर पाहिलं नाही.

त्यांना नगरच्या छावणीत ठेवलं. शत्रुपक्षाच्या लोकांना तिथं कोंडत. मी ज्या गावातून गोंदियाला आलो, त्याच गावाला ब्रदर गेले. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरी गेलो आणि मी रेक्टर फादरांच्या शिफारशीवर भेटीची परवानगी मिळवली. पत्नीला परवानगी नव्हती. नेमकी भाऊबीज होती. ती तबक पदराखाली झाकून माझ्याबरोबर निघाली. मी म्हटलं, "अगं, आत सोडणार नाहीत." ती म्हणाली, "मी बाहेर थांबेन."

आत एक अधिकारी समोर बसला होता आणि त्याला कळावं म्हणून इंग्रजीतूनच बोलायची अट होती. ब्रदर आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांशी इंग्रजी बोललो. त्यांची इंग्रजी मोडकी, माझी पुस्तकी. प्रकृती कशी आहे, हवा कशी आहे, असं आम्ही दोन परक्या माणसांसारखे विचारत होतो. दाढी कापलेली होती आणि हनुवटी फार लहान दिसत होती. बराकीतले जर्मन आपल्या आल्सासच्या बोलीला हसतात, आपल्याला पुरता जर्मन मानत नाहीत, असं ते म्हणाले. बोडीत पाणी किती आहे हे त्यांना विचारायचं होतं, पण इंग्रजीत बोडीला शब्द सापडेना, आणि अधिकाऱ्याला तो काहीतरी सांकेतिक शब्द वाटेल म्हणून मीही बोललो नाही. वेळ संपली. उठताना मी दोन्ही हात पसरून, मग छातीपर्यंत नेऊन, पाणी एवढं आहे असं दाखवलं. त्यांनी मान हलवली.

बाहेर पत्नी तारेच्या कुंपणाशी उभी होती. पहारेकरी साताऱ्याकडचा तरुण शिपाई. तो म्हणत होता, "बाई, हितं थांबायचं न्हाई." आणि ती गोंदियाच्या बोलीत त्याला सुनावत होती, "कायले नाई थांबाचं? भाऊ आहे माहा." तेवढ्यात मैदानापलीकडून ब्रदरांना परत नेत होते. शिपायानं एकदा तिच्या तबकाकडं पाहिलं, एकदा मैदानाकडं पाहिलं आणि रस्त्यावर कुणी येतंय का ते बघण्यासाठी आमच्याकडं पाठ केली. वाऱ्यानं निरांजन विझलं होतं. तिनं तसंच ओवाळलं. लांबवर ब्रदर थांबले, टोपी काढून उभे राहिले. बरोबरच्या माणसानं खांद्याला हात लावला तेव्हा चालू लागले.

लढाई संपत आली आणि तापाची मोठी साथ आली. घरोघर माणसं आडवी झाली. वसतिगृहातली लांबच्या गावची मुलं घरी पाठवता आली नाहीत; ती ओळीनं अंथरुणावर पडलेली, आचारी पळून गेलेला. पत्नी सकाळीच निघाली. मी कुठं म्हणून विचारलं. "भाऊ नाहीत," ती म्हणाली. "मग त्या पोरांचं कोण करणार?" तिनं भाताची पेज शिजवली, मुलांना पाजली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मोठी देवरी आणि लहान देवरी, दोघंही त्यात होते. मुलं उठून बसू लागली तेव्हा ती पडली. ती उठली नाही. तिच्या अखेरच्या आंघोळीसाठी मुलांनीच बोडीवरून घागरी भरून आणल्या.

पुढं आल्सास पुन्हा फ्रान्सकडं गेला आणि तांबडे ब्रदर कागदोपत्री शत्रूऐवजी दोस्त ठरले. तरी त्यांना परत यायला बराच काळ लागला. येणार असल्याचं कुणी कळवलं नव्हतं. एका संध्याकाळी मी आत दिवा लावत होतो, तर ओट्यावरून आवाज आला, "बाई, पानी देता का? लय दूरून आलो."

मी पाणी घेऊन बाहेर गेलो. त्यांनी पेला घेतला आणि माझ्या मागं दाराकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"कवा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. साथ, वसतिगृह, पेज, सगळं सांगितलं. ते पेला दोन्ही हातांत धरून ऐकत होते.

"पोरं वाचले?"

"सगळी वाचली."

"चांगलं केलं बाईनं," ते म्हणाले, आणि पाणी पिऊ लागले. मग पेला खाली ठेवून त्यांनी तोंड झग्यात लपवलं आणि लहान मूल रडावं तसे रडले. मी शेजारी बसून राहिलो. ती गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. त्या दिवशी आलं.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी येत. बरोबर वसतिगृहातला भात आणि वरण. पूर्वी त्यांचं पान ओट्यावर आणि माझं आत मांडलं जाई. आता आम्ही दोघं ओट्यावर समोरासमोर जेवत असू, आणि यात काही वेगळं आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. ब्रदर कमी बोलू लागले होते. कधी मालगुजार धानाचा हिशेब आटोपून दमणीतून उतरत आणि आमच्यात येऊन बसत. ब्रदरांनी एकदा त्यांना विचारलं, "माळव्याची याद येते का, जी?"

मालगुजार हसले. "आमाले कायची याद? कोन पायलं माळवा? बायका लग्नात गाने म्हन्तेत, त्यात नाव येते तेवढं."

"किती पिढ्या लागल्या विसराले?"

"ते कोन मोजते?" मालगुजार म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "आपले मानसं जिथं जाळले, तिथंच आपलं गाव होते, ब्रदर."

ब्रदरांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.

ब्रदर म्हातारे झाले. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, फळ्यावरची बेरीज दिसेना. शाळेचं कॉलेज होत होतं, नवे फादर आले होते, इमारती वाढत होत्या. नवे रेक्टर फादर मायाळू होते. त्यांनी वरिष्ठांशी बोलून ठरवलं की ब्रदरांनी पुष्कळ कष्ट केले, आता त्यांना मायदेशी पाठवावं. संघाचा तिकडं म्हाताऱ्यांसाठी मठ आहे, तिथं डोळ्यांवर उपचार होतील. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. मी रेक्टर फादरांना भेटलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तिथं त्यांची माणसं आहेत."

मी ब्रदरांना म्हटलं, "तुम्ही नाही म्हणा."

"पयल्यांदा सरकारनं नेलं, तवा मनातल्या मनात लय भांडलो," ते म्हणाले. "आता आपलेच लोक धाडून राहिले. तेही मायेनं. त्यायच्याशी कसा भांडू?" संघात शिरताना आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं होतं, आणि ते मोडायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

नागपूरपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. तिथून एक तरुण फादर त्यांना मुंबईच्या बोटीपर्यंत नेणार होते. गाडीत ब्रदर तुमसर गेल्यावर म्हणाले, "धान कसे आहेत?" मी खिडकीतून पाहून सांगितलं, लोंब्या धरल्या आहेत. ते म्हणाले, "बरं आहे." नागपूरला उतरल्यावर त्यांनी माझा चेहरा हातांनी चाचपला, जसा आंधळी माणसं चाचपतात, आणि म्हणाले, "मास्तर, जेवत जा." एवढंच. तरुण फादरांनी त्यांना हात धरून पायऱ्या चढवल्या, डब्यात बसवलं, आणि गाडी गेली.

त्यांचं पुढं काय झालं ते मला नीटसं कळलं नाही. ते पोचले, एवढी बातमी शाळेत आली. नंतर दुसरी लढाई झाली आणि तो मुलूख पुन्हा एकदा इकडून तिकडं गेला म्हणे. ते तोवर हयात होते की नाही, याची मी चौकशी केली नाही.

त्या दिवशी मी नागपूरहून लगेच परतीच्या गाडीत बसलो. समोर तिरोड्याचा एक म्हातारा शेतकरी बसला होता. त्यानं आम्हाला फलाटावर पाहिलं असावं. बराच वेळ तो माझ्याकडं पाहत होता. कन्हान नदीचा पूल गेल्यावर त्यानं विचारलं, "कोनाले सोडून आले, मास्तर?"

मी म्हटलं, "घरच्यांना."

त्यानं आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं, बाजूला सरकला आणि मला खिडकीची जागा दिली.